लोर्नासाठी गरम पाणी

माणसाच्या आयुष्यात सत्याचा क्षण एकदाच येतो, आणि तो येऊन गेल्यावर माणूस पहिल्यासारखा राहत नाही. माझ्या आयुष्यात तो डोक्याला साबणाचा फेस असताना आला, आणि सत्य एवढंच होतं की गरम पाणी संपलं होतं. खरं तर संपलं म्हणणंही अतिशयोक्ती झाली. आमच्या ट्रेलरची न्हाणी उभ्या कपाटाएवढी आहे, वळायचं म्हटलं की दोन्ही खांदे दोन्ही भिंतींची परवानगी घेतात. एरवी मी मिनिटभरात उरकतो, पण आज केस धुवायचे होते; त्या कपाटात डोळे मिटून मी उभा होतो आणि पाठीवर पडणाऱ्या पाण्याला अचानक शंका आली. आधी नुसती शंका. मग ते विचारात पडलं, आणि मग कोमट झालं. गार पाणी परवडलं, त्याला निदान स्वतःचं मत असतं. कोमट पाणी म्हणजे ज्या विमा कंपनीत मी उमेदीची वर्षं घालवली, तिच्या पत्रांची भाषा. तक्रारदारांना उत्तरं लिहायचं काम माझ्याकडे होतं. आपल्या भावना आम्ही समजू शकतो. आपल्या प्रकरणात लक्ष घातलं जात आहे. ती पत्रं वाचून लोकांना काय वाटत असेल, हे मला आज, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, उघड्या अंगावर कळत होतं. पण खरा धक्का हा नव्हे. तो पुढच्या क्षणी बसला, जेव्हा माझ्या लक्षात आलं की हिवाळाभर माझ्या आधी लोर्ना आंघोळ उरकत असणार, तिचे केस कमरेपर्यंत आहेत, आणि ती एक अक्षर बोललेली नाही.

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. लोर्ना टेबलाशी बसून ग्रेपफ्रूटच्या फोडी सालीपासून सोडवत होती.

"पाणी गार होतंय," मी म्हणालो.

"हो का?"

"तुला नाही जाणवलं?"

"जाणवलं असेल."

"कधीपासून?"

"झाले असतील काही आठवडे. वाईट नाही तसं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कानामागे फेस आहे तुझ्या."

वाईट नाही. आम्ही मिनेसोटाची माणसं. लोर्नाच्या मामाचं गुरांचं कोठार जळून खाक झालं, तेव्हा अंगणात उभं राहून मामा म्हणाला होता, चला, आता पलीकडचं तळं तरी दिसेल. माझ्या आईने शेवटच्या दुखण्यात डॉक्टरला "बरं आहे की" याखेरीज काही सांगितलं नाही, आणि डॉक्टरही आमच्याच गावचा असल्यामुळे त्याला बरोबर कळलं की आता फार दिवस नाहीत. आमच्याकडे चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर वड्यांचं ताट फिरतं, त्यातली शेवटची वडी कोणी घेत नाही. प्रत्येक जण तिचा अर्धा तुकडा पाडतो, पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा, आणि शेवटी ताटात एक कण उरतो. तो कण भांडी धुणारी बाई सिंकमध्ये सोडून देते, पण खात नाही. आमचा संसार पुष्कळसा त्या ताटासारखा चालला आहे. हवं ते कोणी मागायचं नाही, समोरच्याला हवं असेल म्हणून ठेवून द्यायचं. तेव्हा "वाईट नाही" हे शब्द लोर्नाच्या तोंडून ऐकले आणि मला ते मामाच्या कोठारासारखे ऐकू आले. ज्वाळांसकट.

आणि आज पंधरा फेब्रुवारी होती. फ्रिजवरच्या कॅलेंडरात त्या तारखेभोवती मी पेन्सिलीने गोल काढून ठेवला होता. इतका फिकट, की लोर्नाला दिसला तर तो कागदाचाच डाग वाटावा. लोर्ना प्राथमिक शाळेत गाणं शिकवते. वर्षभराची रजा घेऊन ती माझ्याबरोबर या चाकांवरच्या डब्यात आली, आणि पुढच्या वर्षी परत रुजू होणार की नाही, हे शाळेला आजच्या संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. ती जाणार असेल तर मीही जाणार, ट्रेलर विकायचा, भाडेकरूंना सांगायचं, आणि पुन्हा ते घर, तो बर्फ, ते फावडं. मला इथेच राहायचं होतं. इतकं राहायचं होतं की तो विचार आला की मी उठून खिडकी पुसायला लागत असे. पण हे मी तिला सांगितलं नव्हतं, कारण सांगणं म्हणजे ढकलणं. आणि तिला विचारलंही नव्हतं, कारण विचारणं म्हणजे हळूच ढकलणं. मी गोल काढला होता. आता त्या गोलाच्या आत एक बाई बसली होती, जी कित्येक आठवडे कोमट पाण्याने केस धूत होती, आणि संध्याकाळी तिला ठरवायचं होतं की असल्या आयुष्यात राहायचं का.

"मी हॉलमध्ये चालले," ती म्हणाली. आमच्यासारख्या चाकांवरच्या घरांसाठी असलेल्या या पार्कच्या हॉलमध्ये गाण्याचा एक गट आहे, त्यांच्यासाठी ती पियानो वाजवते. "तू काय करणार आहेस?"

"हीटर बघतो जरा."

ती थांबली. माझ्या हातात पाना असा कधी तिने पाहिला नव्हता. "बघ बापडा," ती म्हणाली. "घाई नाही काही."

घाई नाही! ती गेल्यावर मी तसाच उभा होतो, आणि छातीत काहीतरी धडधडत होतं, ज्याला मी आधी भीती समजलो. मग लक्षात आलं की हा आनंद आहे. इतकी वर्षं तक्रार माझ्यापर्यंत कागदावर आली आणि कागदावर परत गेली. मधे कुठे तरी एक पडलेलं छप्पर, एक चेचलेली गाडी, एक रडणारं माणूस असणार, असा माझा अंदाज होता; पण प्रत्यक्ष कधी भेट नाही. इथे मात्र तक्रारीला शरीर होतं. तिला टाकी होती, बर्नर होता, नळ्या होत्या, आणि ती माझ्याच घराच्या भिंतीत बसली होती. मी बाहेर जाऊन ट्रेलरच्या कुशीतली हीटरची पत्र्याची झडप उघडली. सूर्य नुकता डोंगरावर आला होता, वाळू गुलाबी होती. सकाळच्या थंडीत पान्याचं लोखंड हाताला चिकटत होतं, आणि मी, कुणाला दिसू नये म्हणून झडपेत डोकं घालून, हसत होतो.

पण आमच्या पार्कमध्ये गाडीची झडप उघडली आणि कुणाला दिसली नाही, असं होत नाही. ती उघडल्याचा आवाज साधारण चर्चच्या घंटेसारखा पसरतो. डब पर्सेल आपली घडीची खुर्ची काखेत मारून आलाच. हा ओक्लाहोमाचा, आयुष्यभर पाइपलाइनवर जोडकाम केलेला, आणि त्यामुळे जगातल्या सर्व गोष्टी वितळवून जोडता येतात असं मानणारा. त्याच्या मागोमाग फर्न कोवालचक आली, पलीकडच्या छोट्या व्हॅनमध्ये एकटी राहणारी, सस्कॅचेवानची, वयाने माझ्या आईत आणि माझ्यात साधारण मध्ये. तिने खुर्चीबरोबर कॉफीचा थर्मासही आणला होता, म्हणजे मुक्काम लांबणार हे तिने ओळखलं होतं.

"काय रे बाळा, मेला का?" तिने हीटरकडे बघून विचारलं.

"मेला नाही, दमतो. एक मिनिट गरम, मग कोमट."

"टाकीत क्षार," डब खुर्ची उलगडत म्हणाला. "इथलं पाणी म्हणजे पाणी नाही राव, पातळ खडू आहे. टाकी अर्धी खडूने भरली असणार. मग पाणी राहणार कुठे?"

"बायपास उघडा राहिला असेल," फर्न म्हणाली. "दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विसरतं. माझा नवरा तीन वर्षं विसरला."

"फर्न, आधी टाकी रिकामी."

"तू तुझ्या बायकोचंही असंच ऐकायचास का रे?"

"ऐकलं असतं तर ती अजून बरोबर असती," डब म्हणाला, आणि दोघेही खुशीत हसले. या गमतीला बहुधा बरीच वर्षं झाली असावीत.

मला डबचं म्हणणं पटलं, कारण त्यात काहीतरी उघडायचं होतं. मी गॅस बंद केला, पाणी बंद केलं, टाकी निवेपर्यंत फर्नची कॉफी प्यालो. मग खालचा मोठा बोल्ट फिरवायला लागणार, तोच डब ओरडला, "अरे आधी दाब सोड, दाब! वरची ती चिमटी उचल. नाहीतर तो बोल्ट उडून मेक्सिकोत जाईल, आणि तू त्याच्या पुढे असशील!" मी चिमटी उचलली. टाकीने दीर्घ सुस्कारा सोडला. तो सुस्कारा ऐकून मला विचित्र समाधान वाटलं, जसं एखाद्या अबोल माणसाने अखेर एवढं तरी बोलावं. मग बोल्ट निघाला आणि त्याला जोडलेली दांडी बाहेर आली: खाल्लेली, पोखरलेली, वाळलेल्या मुळासारखी. ही दांडी टाकीत एवढ्यासाठीच बसवलेली असते, डबने सांगितलं, की पाण्याला जे कुरतडायचं आहे ते तिला कुरतडावं आणि टाकी शाबूत राहावी. मी ती उन्हात धरून बघत राहिलो. विमा कंपनीने मला निरोप देताना पितळेचं कासव दिलं होतं, कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायला. त्यापेक्षा ही दांडी दिली असती तर मला ओळख पटली असती. टाकीतून पाणी भसभसा वाळूवर आलं आणि त्याबरोबर पांढरे तुकडे, खपल्या, फुटक्या बशीच्या असाव्यात तशा. आम्ही तिघं ओणवून त्या पांढऱ्या चिखलाकडे असे पाहत होतो, जसे लोक नदीत सोनं शोधत असतील.

"बघ!" डब म्हणाला. "काय सांगत होतो?"

"वाटीभर लापशीएवढंच आहे," फर्न म्हणाली.

डबने आपल्या गाडीतली नवी दांडी दिली, मी टाकी धुतली, भरली, गॅस लावला. बर्नर भक् करून पेटला आणि निळी जीभ नळीत वळवळायला लागली. आता थांबायचं होतं. हॉलमधून पियानो ऐकू येत होता, चारच सूर, पुन्हापुन्हा, कुणीतरी बेसूर होत होतं आणि लोर्ना त्याला न बोलता परत आणत होती. पाणी तापायची वाट बघणं ही गोष्ट मी लहानपणानंतर प्रथमच करत होतो. शेतावरच्या आमच्या घरात शनिवारी आंघोळ असे. पत्र्याचा टब स्वयंपाकघरात, चुलीवर हंडे, आणि पाणी एकच. आधी बहिणी, मग मी, मग आई, सगळ्यात शेवटी वडील. माझी पाळी येईपर्यंत पाणी राखाडी आणि कोमट झालेलं असे आणि मी किंचाळत असे. वडिलांची पाळी येईपर्यंत ते पाणी म्हणजे काय उरत असेल, हा विचार तेव्हा कुणी केला नाही. ते त्यात बसत. एकदा मी अंथरुणातून उठून पाणी प्यायला आलो, तर ते टबात गुडघे पोटाशी घेऊन बसले होते, इतका मोठा माणूस इतक्या लहान टबात, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "छान आहे." मी कित्येक वर्षं समजत होतो की खरंच छान होतं. पुढे शहरात आलो. तिथे गरम पाणी भिंतीतून येत असे, रात्री-बेरात्री, हवं तेवढं, जसं काही ते भिंतीचंच काम आहे. चाळीस वर्षं मी त्याला विचारलं नाही की बाबा तू येतोस कुठून. आणि आता या निळ्या ज्योतीपुढे उकिडवा बसून मला वाटत होतं की मी काही हीटर दुरुस्त करत नाहीये, मी त्या टबाखाली लाकूड सारतोय. गुडघे दुखत होते. मला नाचावंसं वाटत होतं.

आत जाऊन मी स्वयंपाकघरातली गरम तोटी सोडली आणि हात धरला. गरम! अगदी हात मागे घ्यावा इतकं. "आलं!" मी खिडकीतून ओरडलो. डबने टोपी उडवली. मी हात तसाच धरून ठेवला, आणि ओरडणं अजून हवेत असतानाच ते माझ्या बोटांवर विचारात पडलं. मग कोमट झालं.

"गेलं," मी खिडकीतून म्हणालो.

डबने टोपी वाळूतून उचलून झटकली. फर्नने सभ्यपणे थर्मासच्या झाकणाकडे बघितलं. एक क्षण मला वाटलं की संपलं, आता संध्याकाळ होईल, लोर्ना शाळेला कळवेल, आणि मी पुन्हा फावडं घेऊन दारापुढचा बर्फ उपसत उभा असेन. पण नवल असं, की तो क्षण टिकला नाही. उलट आतून काहीतरी उसळून आलं. म्हणजे क्षार नव्हे! एक शक्यता गेली! कंपनीत आमच्याकडे शक्यता कधी जात नसत, त्या साठत. इथे एक खरोखर मेली होती, माझ्या बोटांवर. मी पलंगाची गादी उचलली, खालची फळी काढली आणि विजेरी दातात धरून हीटरच्या मागच्या बाजूला पोटावर सरपटत गेलो.

तिथे धूळ होती, हरवलेला एक मोजा होता, आणि नळ्या होत्या. एक गार पाणी टाकीत नेणारी, एक गरम बाहेर आणणारी, आणि दोघींना जोडणारी तिसरी आखूड नळी, जी हिवाळ्यात गाडी उभी करून ठेवताना टाकीला वगळण्यासाठी असते. तिघींवर तीन खिट्ट्या. फर्नचा बायपास तो हाच. मी विजेरी मारली. खिट्टी बंद होती, जशी हवी तशी.

"फर्न, बायपास बंदच आहे!" मी फळीखालून ओरडलो.

"मग मी हरले," तिचा आवाज आला. ती आत स्वयंपाकघरात येऊन बसली होती. "डब, तू जिंकलास का?"

"मी तर आधीच हरलो," बाहेरून डब.

मी पोटावर पडून राहिलो. लाकडाचा, रबराचा, गरम धुळीचा वास येत होता. अशा जागेत माणसाला चांगलं सुचतं, बहुधा दुसरं काही करता येत नसल्यामुळे. टाकीत पाणी गरम आहे. तोटीत ते कोमट आहे. म्हणजे टाकी खोटं बोलत नाही आणि तोटीही नाही. मधे कुणीतरी तिसरा बोलतोय. मी तिन्ही खिट्ट्यांकडे पाहिलं आणि एकदम मला सुचलं. समजा, मी तिन्ही बंद केल्या. टाकीत काही जाणार नाही, टाकीतून काही येणार नाही, आडवाटही बंद. मग गरम तोटीत पाणी यायला जगात मार्गच उरत नाही. आणि तरीही जर आलं, तर... मी एकेक खिट्टी फिरवली. त्या करकरल्या.

"फर्न! गरम तोटी सोडा!"

"गरमच ना?"

"गरमच! येतंय का?"

 हॉलमधला पियानो नेमका थांबला होता. मला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं.

"येतंय की!" फर्न म्हणाली. "चांगलं जोरात. बर्फासारखं गार."

मी इतक्या वेगाने उठलो की फळीवर डोकं आपटलं. येत होतं! ज्या पाण्याला यायचा काहीच हक्क नव्हता ते येत होतं! कुठेतरी, या डब्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यात, गार नळी आणि गरम नळी एकमेकींना भेटत होत्या, चोरून, आणि इतके आठवडे लोर्नाच्या डोक्यावर जे पडत होतं ते या भेटीचं पाणी. मी टेंगूळ चोळत बाहेर धावलो. डब उभा राहिला होता. मी त्याला मिठी मारली. आमच्याकडे मिठी मारत नाहीत. लग्नातही खांद्याला हात लावून भागवतात. डब म्हणाला, "अरे अरे, तुझी बायको बघेल," पण त्यालाही आवडलं असावं.

"कुठेतरी दोन्ही तोट्या एकदम उघड्या आहेत," मी म्हणालो, "आणि पुढे तोंड बंद आहे. म्हणून गार पाणी मागच्या मागे गरम नळीत घुसतंय. कुठे असेल? न्हाणीत नाही, बघितलं. सिंकमध्ये नाही."

डब आणि फर्नने एकमेकांकडे बघितलं. ते बघणं मला दिसलं, पण मी तेव्हा इतका आनंदात होतो की त्याचा अर्थ लावायला मला सवड नव्हती.

"मागच्या बाजूला बघ ना," फर्न हळूच म्हणाली. "बाहेरचा फवारा आहे तिथे."

ट्रेलरच्या मागच्या भिंतीत, वाळवंटाकडे तोंड करून, एक छोटं झाकण आहे. आत दोन तोट्या आणि रबरी नळीला जोडलेला एक फवारा. चिखलाचे पाय, कुत्री वगैरे धुवायला. आमच्याकडे कुत्रं नाही. विकणाऱ्याने गाडी दाखवताना ते उघडून दाखवलं होतं, आणि त्यानंतर त्या बाजूला जाण्याचं मला काही कारण पडलं नव्हतं. माझी दुपार पार्कच्या दुसऱ्या टोकाला नालफेकीच्या मैदानावर, घोड्याचे नाल खुंटीवर फेकायच्या खेळात जाते. मी झाकण उघडलं. दोन्ही तोट्या उघड्या होत्या. गरम बरीचशी, गार थोडी कमी, कुणीतरी फिरवून फिरवून आपल्याला हवं तसं नेमकं जमवलेलं असावं अशा. आणि पाणी बंद केलं होतं ते तोट्यांनी नव्हे, फवाऱ्याच्या मुठीवरच्या बटणाने. जमलेलं मिश्रण मोडू नये म्हणून. तेच ते! हेच! मी "सापडलं!" म्हणून आरोळी ठोकायला तोंड उघडलं, आणि मग कोपऱ्यातली ती बाटली दिसली. लोर्नाचा शाम्पू. तिच्या शेजारी केस विंचरायची लाकडी फणी, दातांत अडकलेले लांब पांढरे केस, आणि मुठीएवढा रंगीत दगड, जो ओला होऊन त्याचे रंग खुलावेत म्हणून कुणीतरी फवाऱ्याखाली ठेवला असावा. समोर नुसतं वाळवंट होतं, कुंपण नाही, माणूस नाही, पार डोंगरापर्यंत ऊन.

आरोळी आलीच नाही. आधी हाताला कळलं, मग डोक्याला, आणि मग हळूहळू बाकीच्या मला.

"रोज दुपारी," फर्न माझ्या मागे येऊन म्हणाली. "पोहायचा पोशाख घालते, अगदी व्यवस्थित. आणि गाते. माझ्या खिडकीतून ऐकू येतं. मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

"मी तर खुर्ची फिरवून घेतो," डब लांबूनच म्हणाला. "देवाशपथ. पण गाते चांगली."

"काय गाते?" मी विचारलं.

"शब्द नसतात," फर्न म्हणाली. "वरचे वरचे सूर नुसते. शाळेत मुलांना शिकवत असेल, तसले काही नाहीत. मोठ्याने गाते रे ती."

लग्नाला इतकी वर्षं झाली. मी लोर्नाला मोठ्याने गाताना ऐकलेलं नाही. वर्गात ती मुलांचा आवाज ऐकू यावा म्हणून स्वतःचा आवाज खाली ठेवते. घरी ती गुणगुणते, तेही मी खोलीत आलो की थांबते, मला त्रास नको म्हणून. मी वाळवंटाकडे पाहिलं आणि ते सूर तिथे कुठे जात असतील याचा विचार केला. ते ज्याला आपटून परत येतील असं तिथे काही नव्हतं. ही बाई या डब्यात सुखी होती का? असं मी स्वतःलाच विचारलं, आणि उत्तर मिळायच्या आतच छातीतली ती धडधड पुन्हा सुरू झाली. पण लगेच दुसरा विचार आला, की कदाचित आत कोमट पाणी येतं म्हणून ती बाहेर येत असेल. मग तिसरा विचार आला: की बाहेर येते म्हणूनच आत कोमट पाणी येतं. मी या दोन विचारांच्या मधे, दोन तोट्यांवर दोन हात ठेवून उभा होतो. एका क्षणी मला वाटलं की त्या तशाच सोडून द्याव्यात, झाकण लावावं आणि सांगावं की बिघाड काही सापडला नाही. इतकं नेमकं जमवलेलं मिश्रण मोडायचा मला काय अधिकार. पण डब आणि फर्न बघत होते. आणि पंधरा फेब्रुवारी होती. मी दोन्ही तोट्या घट्ट बंद केल्या, आत जाऊन खिट्ट्या जागच्या जागी आणल्या, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरातली तोटी सोडून हात धरला. गरम. अजून गरम. फर्नने "हॅपी बर्थडे" दोनदा म्हणून वेळ मोजली. गरमच.

लोर्ना आली तेव्हा आम्ही तिघंही खुर्च्यांवर ओळीने बसलो होतो, लग्नाच्या मांडवात पाहुणे बसावेत तसे. माझ्या कपाळावर टेंगूळ होतं, पॅंटवर पांढरा चिखल होता.

"झालं का?" तिने विचारलं.

"आत जाऊन आंघोळ कर," मी म्हणालो. "आत्ता. मोठी कर. केसांवरून."

"आत्ता? दुपारी जेवायच्या आधी?"

"लोर्ना, जा गं," फर्न म्हणाली. "नवऱ्याने डोकं फोडून घेतलंय त्यासाठी."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग मागच्या भिंतीकडे, मग फर्नकडे. तिचे कान लाल झाले. आमच्याकडे लाज सगळ्यात आधी कानांना येते. ती आत गेली. आम्ही ऐकत होतो. पाण्याचा आवाज सुरू झाला. तो चालू राहिला. डबने तोंडाने ढोल वाजवावा तसा आवाज काढला, फर्नने त्याला चापट मारली. मी मुठी आवळून बसलो होतो, नालफेकीच्या अंतिम सामन्यात बसलो नव्हतो असा. पाणी चालूच होतं! गाणं मात्र नव्हतं. मी कान देऊन ऐकलं, नव्हतं. बऱ्याच वेळाने पाणी बंद झालं, तेही तिने बंद केलं म्हणून, संपलं म्हणून नव्हे. डब आणि फर्न मला हात देऊन, आपापल्या खुर्च्या मिटून, समजूतदारपणे निघून गेले.

लोर्ना केसांना टॉवेल बांधून पायरीवर येऊन बसली. तिच्या अंगातून वाफ निघत होती.

"गरम होतं?" मी विचारलं.

"छान होतं."

आणि मी, मिनेसोटाच्या समस्त पूर्वजांची क्षमा मागून, सरळ विचारलं. "आज शाळेला काय कळवणार आहेस? मला इथेच राहायचंय. मला फार राहायचंय. मला आधी बोलायला हवं होतं, पण मला गरम पाणी तरी नीट देता यावं असं वाटलं."

तिने टॉवेल सोडला आणि केस पुढे घेतले. 

"आर्डन," ती म्हणाली, "त्यांना मी नाताळच्या आधीच फोन करून सांगितलं, येत नाही म्हणून."

"नाताळच्या आधी?"

"हो. तुला घरी जायचं असेल असं वाटलं, म्हणून बोलले नाही. म्हटलं, वसंतात बघू." मग टॉवेलची घडी घालत म्हणाली, "माझ्या जागी त्यांनी जानेवारीतच माणूस घेतलाय. ट्रॉम्बोन वाजवतो."